ठिपका खुर्चीकडे

सोमवार, २ फेब्रुवारी

ही वही कारखान्याने निरोपाला दिली. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत कारखान्याचं नाव होतं, ते काल ब्लेडने खरवडून काढलं. बावीस वर्षं तिथे दिव्यांची डिझाइनं केली. डिसेंबरात साहेबांनी सांगितलं की डिझाइनचा विभागच बंद होतोय, यापुढे नमुने बाहेरून तयार येतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वही दिली आणि मी घरी आले. कागद मात्र चांगला आहे, शाई पलीकडे उमटत नाही. फुकट कशाला घालवायची?

रोज लिहीनच असं नाही. काही घडलं तर लिहीन.

आज घडलं. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकबाईंचा फोन आला. त्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये सोळा टेबलं आहेत आणि वर ट्यूबलाइट. त्या पांढऱ्या फटक उजेडात म्हाताऱ्या माणसांचं जेवणावरून मन उडतं म्हणे. त्यांना प्रत्येक टेबलावर एक लटकता काचेचा दिवा हवाय. घरातला वाटेल असा, आणि मुख्य अट म्हणजे डोळ्यांवर येता कामा नये. आधी चार टेबलांवर लावून बघायचे, पसंत पडले तर मार्चअखेर सगळे सोळा माझे.

डोळ्यांवर न येणारा दिवा! मी बावीस वर्षं दुसरं केलंय काय? लोकांना वाटतं दिवा म्हणजे उजेड पाडणारी वस्तू. उजेड कुणीही पाडेल. तो ताटात पडावा, पुस्तकावर पडावा, आणि मान वर केली तर बल्ब बुबुळात घुसू नये, हे जमवायला डोकं लागतं.

दिव्यांच्या कारखान्यात लागले त्या दिवसापासून घरात एकच विनोद चालायचा. संध्याकाळी चपला काढते न काढते तोच, "आज काय दिवे लावलेस?" आधी बाबा म्हणायचे, मग आई, आणि ते दोघं गेल्यावर ताईने तो वारसाहक्काने घेतला. गेली अडीच वर्षं तो कुणी केलेला नाही. हे सोळा दिवे झाले की ताईच्या कानावर जाईलच. जाऊ दे. कळू दे तिला, हिने खरंच काय दिवे लावले ते.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

भट्टीवर जाऊन आले. काचवाले काका आता पंचाहत्तरीला आले. मी चोपन्नची, पण मला "पोरी" म्हणणारं हे एकच माणूस उरलंय, म्हणून भट्टीवर जायला मला आवडतं. एरवी तिथल्या धगीत कोण जाईल!

नळीच्या टोकाला वितळलेला गोळा घेऊन काकांनी फुंकर घातली, नळी फिरवत राहिले, आणि बघता बघता दुधी काचेची घंटा तयार झाली. गार झाल्यावर मी ती उजेडासमोर धरली.

"काका, ही बाजू जाड आहे आणि ही पातळ."

"असणारच. हाताने फुंकलेली काच आहे, पोरी. एका अंगाला थोडी ओघळतेच. सगळीकडून सारखी हवी तर मशीनकडे जा."

"मशीनच्या काचेला जीव नसतो."

"मग हात लावलेल्या काचेचं पोट एका बाजूला सुटणार, हे धरून चाल."

मी धरून चालतेच. जाड बाजूला लाल काचपेन्सिलीने बारीक ठिपका देते, आणि दिवा टांगताना तो ठिपका आपल्याकडे करते. पातळ बाजूने दुधी काचेतूनही बल्ब ठसठशीत दिसतो, म्हणून ती पलीकडे. हे मला कुणी शिकवलं नाही, करता करता हाताला लागलं. चार काचा घेऊन आले. बसमध्ये मांडीवर धरून बसले होते, तर शेजारच्या बाईने विचारलं, अंडी आहेत का म्हणून.

रविवार, ८ फेब्रुवारी

झाला! दिवा झाला!

दुपारी खिडकीला जाड चादर लावली, जेवणाच्या टेबलावर दिवा टांगला, ठिपका माझ्याकडे, आणि माझ्या खुर्चीत बसले. बल्ब काचेच्या काठाच्या वर चार बोटं लपवलाय. वर्तमानपत्राची बारीक अक्षरं वाचली, सूप प्यायले. मग मुद्दाम मान वर करून थेट दिव्याकडे बघितलं, शंभर अंक मोजेपर्यंत. डोळ्यांसमोर एक ठिपकाही नाचला नाही. साईच्या रंगाचा उजेड, अगदी शांत.

समोरच्या खुर्चीवर दिव्यांच्या नकाशांच्या गुंडाळ्या, वायरचं भेंडोळं आणि इस्त्रीला द्यायचे कपडे आहेत. गुंडाळ्यांवर उजेड पडला तोही फार छान दिसत होता.

मी टाळी वाजवली. मग आपण टाळी वाजवली हे लक्षात येऊन इकडेतिकडे बघितलं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

आणि लिहायलाच बसलेय तर तेही लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

भावोजी गेल्यावर ताई माझ्याकडे राहायला आली. अकरा वर्षं होती. शिवणाच्या दुकानाची काज-बटणांची कामं आणायची आणि समोरच्या खुर्चीत बसून करायची, मी इकडे बसून माझे नकाशे काढायची. अडीच वर्षांपूर्वी माझ्या एका लटकत्या दिव्याला कारखान्याचं वर्षाचं बक्षीस मिळालं. तो दिवा मी हौसेने घरी आणून याच टेबलावर लावला. ताई आठ दिवस काही बोलली नाही, नुसती मान तिरकी करून बसायची. नवव्या दिवशी हातातली सुई ठेवली आणि म्हणाली, "तुझा हा दिवा माझ्या डोळ्यात खुपतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "खुपणारच! माझं चांगलं झालेलं तुला बघवतच नाही."

तर म्हणते कशी, "नाहीच बघवत! तेच तर सांगतेय!"

तोंडावर कबूल केलं. निदान खोटं तरी बोलायचं होतं! सख्ख्या बहिणीच्या डोळ्यात आपलं यश खुपतं म्हटल्यावर माणसाने काय बोलायचं? मी पंधरा दिवस बोलले नाही. सोळाव्या दिवशी तिने शिलाई मशीन खोक्यात भरलं आणि लेकीकडे निघून गेली. दिवा मी उतरवून माळ्यावर टाकला.

डोक्यातून काही गेलं नाही. लिहून उगाच ताजं झालं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

भाचीचा निरोप आला फोनवर. "मावशी, आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा शुक्रवारी आहे. उजवा मागच्या महिन्यात झाला. डॉक्टर म्हणाले, तीन-चार वर्षांपासून वाढत असणार, इतके दिवस यांनी सुईचं काम कसं केलं कोण जाणे."

मी लिहिलं, "काळजी घे." मग "घे"चं "घ्या" केलं, परत "घे" केलं, शेवटी "घ्या" ठेवून पाठवलं.

उजवा डोळा झाला तेव्हा कळवलंही नाही. बरोबरच आहे, मी कोण लागून गेले!

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दोन दिवस ताप. नेमके आज चार दिवे लावायचे होते. वायरमन ओळखीचा आहे, हाताचा चांगला, म्हणून सगळं कागदावर लिहून दिवे त्याच्या हवाली केले. दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, कागद वाचला. उंची कळली, वायर कळली. पण शेवटी लिहिलंय, 'ठिपका खुर्चीकडे'. कुठल्या खुर्चीकडे?"

"म्हणजे काय, कुठल्या? बसायच्या खुर्चीकडे."

"बसायच्या सहा आहेत. तीन इकडे, तीन तिकडे."

डोकं ठणकत होतं, त्यात ही चिकित्सा. "अहो, माणूस बसतं त्या बाजूला करा ना!"

तो म्हणाला, "बरं. खिडकीच्या बाजूला करतो सगळे," आणि फोन ठेवला.

साधं वाक्य लिहून दिलं तरी काथ्याकूट. बावीस वर्षं कारखान्यात हाच त्रास होता.

रविवार, २२ फेब्रुवारी

ताप उतरला. संध्याकाळच्या जेवणाला वृद्धाश्रमात गेले. दाराशी उभी राहून बघत होते. चार दिवे लागलेत, त्या कोपऱ्याला एकदम घरपण आलंय. बाकीची बारा टेबलं ट्यूबलाइटखाली बिचारी केविलवाणी दिसतात.

एक मजा बघितली. माझ्या दिव्यांखालच्या टेबलांवर सगळी मंडळी एकाच बाजूला बसतात. तिघांच्या जागेत पाच-पाच खुर्च्या ओढून, कोपराला कोपर लावून, चमचे एकमेकांच्या वाटीत जातील इतकी दाटी. समोरची बाजू रिकामी. बरं, बागेकडे बघायला म्हणावं तर खिडकीकडे पाठ करून बसलेत! म्हातारी माणसं, त्यांची तऱ्हाच निराळी. पण मला बरं वाटलं. चांगल्या उजेडात माणसं जवळ येतात, असं मी मागे एका सभेत बोलले होते, ते खरं ठरलं.

रिकाम्या बाजूला एकच आजोबा होते. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. कपाळावर टोपी ओढून जेवत होते. जेवताना टोपी! माझ्याकडे बघून त्यांनी हात भुवईपाशी नेला. मला वाटलं सलाम करतायत, म्हणून मीही हसून हात वर केला. पण त्यांचा हात जेवण संपेपर्यंत तिथेच होता. वयामुळे विसरले असतील.

निघताना व्यवस्थापकबाईंना विचारलं, "कसं वाटतंय सगळ्यांना?" त्या म्हणाल्या, "दिसायला फार सुंदर आहेत हो." मग दुसऱ्याच विषयावर बोलायला लागल्या.

घरी येईपर्यंत ती दाटी डोळ्यांसमोर होती. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

काही घडलं नाही. सकाळी चुकून दोन कप चहा ठेवला. दोन्ही प्यायले.

सोमवार, २ मार्च

पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते. "दिवे दिसायला सुंदर आहेत, पण रहिवाशांच्या तक्रारी येत आहेत. दिवे डोळ्यात खुपतात असे बहुतेकांचे म्हणणे आहे. चारही टेबलांवर पुन्हा ट्यूबलाइट सुरू केली आहे. सवडीने दिवे घेऊन जावेत."

डोळ्यात खुपतात! पुन्हा तेच! या म्हाताऱ्यांचं मी काय घोडं मारलंय? माझं जरा कुठे बरं व्हायला लागलं की जगाच्या डोळ्यात खुपायला

एवढं लिहून पेन ठेवलं होतं. चहा करून आले.

त्या हॉलमधल्या माणसांना माझं नावसुद्धा माहीत नाही. मला बक्षीस मिळालं काय किंवा मी उपाशी मेले काय, त्यांना सारखंच. घड्याळजींना माझा हेवा कशाला वाटेल? त्यांना नुसतं जेवायचंय.

मग खुपतात म्हणजे काय? खुपतात म्हणजे खुपतात?

उद्या जाते. पुढचं आज लिहवत नाही.

मंगळवार, ३ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी हॉल रिकामा होता. घड्याळजी एकटेच चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "आजोबा, त्या दिवशी तुम्ही मला सलाम केलात ना?"

"सलाम कसला? डोळ्यावर आडोसा धरला होता. त्या बाजूला खुर्ची मिळाली नाही की टोपी आणि हात, दोन्ही लागतात."

"पण मी घरी शंभर अंक मोजून बघितलं होतं. काही होत नव्हतं."

"घरी कुठे बसून बघितलंत?"

"टेबलाशी. माझ्या खुर्चीत."

"आणि समोर कोण बसलं होतं?"

"समोर कुणी नसतं."

त्यांनी कप बशीत ठेवला. "तरीच," म्हणाले. वाईट आवाजात नाही म्हणाले. बंद पडलेल्या घड्याळात अडकलेला केसाचा तुकडा सापडावा, तसं म्हणाले.

वायरमनने विचारलं होतं, कुठल्या खुर्चीकडे. मी त्याच्यावर खेकसले होते.

घरी आले. समोरच्या खुर्चीवरच्या गुंडाळ्या, भेंडोळं, कपडे, सगळं उचलून जमिनीवर ठेवलं. मग माळ्यावरून तो बक्षिसाचा दिवा काढला. काचेवर धूळ होती, पण लाल ठिपका अजून होता. जसा तेव्हा होता तसाच टांगला, ठिपका माझ्या खुर्चीकडे. खिडकीला चादर लावली, दिवा लावला आणि ताईच्या खुर्चीत जाऊन बसले.

बल्ब सरळ डोळ्यात आला. पातळ बाजूतून, नागडाच म्हणावा असा. मी सुईदोरा घेतला आणि ओवायला गेले. सुईचं भोक दिसेना, नुसता पांढरा गोळा. मान तिरकी केली तेव्हा जरा दिसलं. ताई तशीच मान तिरकी करून बसायची. मला वाटायचं, तोंड वाकडं करून बसलीय.

मला चांगली नजर आहे, तरी मी दहा मिनिटं टिकले नाही. तिच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढत होता.

दिव्याखाली अंधार, हे कुणी मला म्हणायच्या आत मीच लिहून टाकते.

बुधवार, ४ मार्च

फोन तीनदा हातात घेतला. काय बोलायचं? "ताई, तू सरळ मराठीत बोलली होतीस आणि मला मराठी कळली नाही"? तीनदा ठेवला. लाज वाटते. त्याहून जास्त भीती वाटते, ती म्हणेल, आता काय त्याचं.

शनिवार, ७ मार्च

व्यवस्थापकबाईंनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली. घड्याळजींनी शब्द टाकला असावा.

काकांकडे गेले. सगळं सांगितलं, ताईचं सोडून. मग ताईचंही सांगितलं. ते ऐकता ऐकता काच फिरवत होते. शेवटी म्हणाले, "काच सगळीकडून सारखी मला जमायची नाही, या वयात तर नाहीच. पण एकात एक दोन घातल्या तर? आतल्या काचेची जाड बाजू बाहेरच्या पातळ बाजूपाशी आणायची. एकीचं उणं दुसरीने झाकायचं."

बावीस वर्षांत मला हे सुचलं नाही. सुचायला गरज पडावी लागते, आणि माझ्या बाजूने कधी पडलीच नाही.

"आणि पोरी," भट्टीचं दार लावत काका म्हणाले, "काच गार झाल्यावर वाकत नाही. माणसाचं तसं नसतं. फोन कर."

गुरुवार, १२ मार्च

केला.

भाचीने उचलला आणि काही न विचारता ताईच्या हातात दिला.

"मी बोलतेय," मी म्हटलं.

"ओळखलं. बोल."

"डोळा कसा आहे?"

"दिसतंय."

पलीकडे नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला.

"ताई, तू म्हणाली होतीस, दिवा डोळ्यात खुपतो."

"हो."

"म्हणजे खरंच खुपत होता?"

"मग? खोटा खोटा कसा खुपेल?"

"मला वाटलं, माझं बक्षीस तुझ्या डोळ्यात खुपतंय."

ती म्हणाली, "अगं वेडे, त्या बक्षिसाचं शेजारीपाजारी सांगत मीच फिरले होते. शिवणाच्या दुकानात तर त्यांना माझा कंटाळा आला होता."

"मग तू गेलीस कशाला?"

"तू बोलेनाशी झालीस म्हणून. मी म्हटलं, मला त्रास होतोय, मला बघवत नाही, तर तू पंधरा दिवस तोंड फिरवलंस. मला वाटलं, आंधळी होत चाललेली बहीण हिला नकोय. आज ना उद्या सांभाळावी लागणार, तर हिला तसं बोलायची वेळ यायच्या आत आपणच उठावं."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी रडत होते. तीही रडत असावी, कारण मी म्हटल्याचं आठवतं, "तू रडू नकोस, ऑपरेशनच्या डोळ्याला चालत नाही."

"महिनाभर चालत नाही म्हणाले होते डॉक्टर. उद्या महिना होतोय. एवढे दिवस थांबलीस, आणखी एक थांबली असतीस तर नीट रडता आलं असतं."

फोन ठेवताना तिने विचारलं, "बरं, आज काय दिवे लावलेस?"



सोमवार, २३ मार्च

सोळाही दिवे लागले, एकात एक दोन काचांचे. या वेळी वायरमनबरोबर मी स्वतः होते. प्रत्येक टेबलाच्या सहाही खुर्च्यांत बसून बघितलं. शहाण्णव वेळा उठाबशा! गुडघे बोलायला लागले.

वायरमन म्हणाला, "मॅडम, या वेळी ठिपका दिसत नाही कुठे."

"पुसला."

"मग खुर्ची कुठली धरायची?"

चेहऱ्यावरची रेषा न हलवता विचारलं. त्या दिवशीचं त्याने लक्षात ठेवलंय तर. मी म्हटलं, "सगळ्या धरा."

जेवणाच्या वेळी मंडळी दोन्ही बाजूंना बसली. घड्याळजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर एक केस नाही.

रविवार, २९ मार्च

ताई काल सकाळी आली आणि आज दुपारी गेली. भाची न्यायला आली होती.

सोळातला नाही, सतरावा दिवा मी टेबलावर लावून ठेवला होता. काकांनी त्यासाठी काचा दोनदा फुंकल्या, पहिल्या मीच नापसंत केल्या. ताई तिच्या खुर्चीत बसली. मी समोर. तिने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. केस फार पांढरे झालेत तिचे. तिलाही माझं काहीतरी तसंच दिसलं असणार, पण बोलली नाही.

"खुपतो का?" मी विचारलं. बक्षिसाच्या वेळीही मी एवढी घाबरले नव्हते.

"छान आहे."

"छान नको. खुपतो का सांग."

तिने पिशवीतून सुई काढली आणि एका फटक्यात दोरा ओवला. "अगं, आता मला कसलाच दिवा खुपत नाही. दोन्ही डोळे नवे आहेत. परवा मी सूर्याकडे बघून आले. परीक्षा घ्यायची होती तर तेव्हा घ्यायचीस." हसत म्हणाली. टोचून बोलायचा तिचा स्वभाव नाही, कधीच नव्हता. हे मला आधी आठवायला हवं होतं.

म्हणजे हा दिवा तिच्या त्या वेळच्या डोळ्यांना चालला असता का, हे आता मला कधीच कळणार नाही.

माझ्या ब्लाउजचं एक बटण लोंबत होतं, तेवढं तिने लावून दिलं. मी म्हटलं, "राहा ना. मशीन घेऊन ये." तिने दोरा दातांनी तोडला. "तिकडे नातवंडं अंगावर पडलीत. कामं पण धरलीत मी. येत जाईन की अधूनमधून." मी आणखी आग्रह केला नाही. अडीच वर्षांत माणूस दुसरीकडे रुजतं. मी इथे कागदांच्या गुंडाळ्या रचत बसले होते, तिकडे तिला दिवस थोडेच थांबणार होते?

जाताना दारात म्हणाली, "जेवत जा वेळेवर. नुसते दिवे लावू नकोस."

आता संध्याकाळ झालीय आणि हे मी तिच्या खुर्चीत बसून लिहितेय. समोर माझी खुर्ची दिसते. ताईला अकरा वर्षं इथून काय दिसत असेल याचा विचार करतेय. मान वर करून दिव्याकडे बघणारी एक बाई दिसत असेल, समोर न बघणारी.

भाचीला निरोप पाठवला, "पोहोचलात की कळव." आणि ताईला वेगळा पाठवला, "पोहोचलीस की कळव." दोन्ही एकदाच लिहिले, बदलले नाहीत.

गुंडाळ्यांसाठी उद्या भिंतीला एक फळी ठोकून घेते. या खुर्चीवर आता काही ठेवायचं नाही. दिवा चालू आहे. या बाजूनेही खुपत नाही, शंभर अंक मोजून बघितले. डोळ्यांना पाणी येतंय ते दिव्याचं नाही.